४१७ क्रमांकाची ओळ

सोसायटीच्या वहीत सगुण पागी चार होते.
एक होडीवाला, एक त्याचा चुलतभाऊ,
एक पाय मोडून घरी बसलेला,
आणि चौथा कोण
हे सेक्रेटरी पुरसो खारव्यालाही सांगता येईना.

मी पहिल्या दिवशी नावालाच किल्ली केलं.
संध्याकाळपर्यंत चौघांची मासळी
एकाच्या खात्यात.
पुरसो म्हणाला, बाई, नावावर हिशेब
देवानंसुद्धा ठेवला नसेल.

म्हणून आकडे दिले, कसलाही अर्थ नसलेले.
वाड्याचा नाही, होडीचा नाही, जन्मसालाचा नाही.
अर्थ असलेला आकडा कधीतरी बदलतो
आणि त्याला धरून लोंबणारं सगळं पाण्यात जातं.
होडीवाला सगुण ४१७ झाला.

मग वही उसवली.
दर ओळीत मालकाचा फोन, इंजिनाची ताकद,
दर वेळी निराळ्या शुद्धलेखनात.
माणसं एका तक्त्यात, होड्या दुसऱ्यात, फेऱ्या तिसऱ्यात,
मधे नुसते आकडे.
पुरसोला हे पटेना. फोन बदलला तर?
एकाच जागी बदलायचा.
तेव्हा त्यानं तपकिरीची डबी बंद केली.

तळपणच्या मुखाबाहेर रेंज जाते.
म्हणून ज्याच्या त्याच्या फोनमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत,
वहीचा त्याचा त्याचा तुकडा.
समुद्रात लिहायचं, जेटीला लागलं की पाठवायचं.
दोघांनी एकच ओळ बदलली तर नंतरची खरी,
असं मी ठरवलं,
आणि उल्हास रोज जिंकू लागला.
त्याच्या फोनचं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं.

ऑक्टोबरात ४१७ परतला नाही.
होडी गालजीबागच्या वाळूत, उलटी.
चौथ्या दिवशी पुरसोचा फोन: नाव काढ.

आधी बॅकअप घेतला, तो उघडतो का तेही पाहिलं.
मग ओळ पुसायला गेले.
डेटाबेसनं नकार दिला.
हिच्यावर एक हजार दोनशे सहा फेऱ्या टेकल्या आहेत,
एक होडी, एक कर्ज.
एक शब्द जोडला की सगळं माणसामागून जातं.
तो शब्द मला पाठ आहे.
नाही जोडला.
नवा रकाना काढला, सक्रिय,
आणि त्यात लिहिलं, नाही.

अकराव्या दिवशी सुकांती आली, त्याचा फोन घेऊन.
होडीच्या फळीखाली अडकला होता,
तिनं तो तांदळात पुरून ठेवला होता.
चार्जर लावला. सहा ओळी पाठवायच्या राहिल्या होत्या.
पाच साध्या.
सहावीत तारीख, पहाटे चार चाळीस,
मासळी: शेवटे,
वजन:

मीच वजन सक्तीचं केलं होतं.
आणि आल्या तर साऱ्या, नाहीतर एकही नाही,
हाही नियम माझाच.
सहावीपायी पाचही दाराशी थांबल्या.

शून्य घाल, पुरसो म्हणाला, जातील.
जातील.
पण शून्य म्हणजे तो रिकाम्या हातानं परतला.
हे खरं नव्हतं.
त्या रात्री एका रकान्याची सक्ती काढली
आणि सकाळी सुकांतीसमोर पुन्हा पाठवल्या.

पोचलं? तिनं विचारलं.
पोचलं.
सरासरी काढताना ती ओळ धरली जात नाही.
फेऱ्या मोजताना धरली जाते.
एक हजार दोनशे बारा.

ती पडद्यावरची यादी बघत राहिली, बोट न लावता.
मग म्हणाली, हा वरचा सगुण
ह्यांचा आजोबा.
ह्याचं नाव तेव्हाही कुणी काढलं नव्हतं.

चौथ्यापुढे मी लिहिलं, नाही.
फोन त्याच पिशवीत घालून तिला परत दिला.