तिनापासून सुरू होणारी पट्टी

कॉम्प्युटर ग्रामपंचायतीने दिला,
चौदाव्या वित्त आयोगातून, प्लास्टिकच्या कव्हरसकट.
कव्हर मी अजून पुरतं काढलेलं नाही.
खारा वारा शिरतो आत,
की-बोर्डवरचा 'म' दोनदा दाबावा लागतो.

काल शाळा सुटल्यावर बसले त्याच्यापुढे.
खालच्या पट्टीवर कुणी कुणी काय काय डकवलेलं:
हवामान, बातम्या, एक ऑनलाइन दुकान,
ज्याची पार्सलं देवगडपर्यंतच येतात.
एकेकावर राइट क्लिक. काढून टाक. काढून टाक.
ठेवली चित्रांची पेटी, गणकयंत्र,
आणि शालेय पोषणाची ती फाइल,
जी सोमवारी हटकून उघडत नाही.
मग पट्टीच धरून ओढली डावीकडे
आणि केली उभी,
कारण खालचं काही मागच्या बाकाला दिसत नाही,
मध्ये चैत्रालीच्या दोन वेण्या येतात.

आज सकाळी मापन.
"पट्टीचं टोक नाही, शून्याची रेघ लावायची कडेला."
तीनदा सांगितलं.
तीनदा अर्ध्या वर्गाने टोक लावलं.
हर्षिल कोयंडे एकापासून धरतो,
म्हणाला, घरात बांगडे मोजताना
शून्य कोण म्हणता?
मी घाटावरची, मला बांगडा आणि तारली
अजून शेजारी शेजारी ठेवून ओळखावी लागते.
गप्प बसले.

तन्वेष मालंडकरची पट्टी मोडकी.
"बाई, माजी तिनापासून सुरू जाता."
मागच्या वर्षी भावाने तिच्यावर सुपारी फोडायला बघितली होती म्हणे.
"मग आलेल्यातून तीन वजा कर."

डस्टर मोजला सगळ्यांनी.
कुणाचा साडेपंधरा, कुणाचा सोळा,
एकाचा सतरा, तो का ते त्यालाही माहीत नाही.
तन्वेषचा पंधरा.
पंधराच आहे.
ज्याच्या पट्टीला शून्य नव्हतं
त्याने एकट्याने सुरुवात कुठे ते बघितलं होतं.

मग पडद्याला पट्टी लावायची टूम निघाली.
उभी पट्टी किती रुंद?
दोन सेंटिमीटर, वर चार बारक्या रेघा.
काचेवर बोटांचे ठसे, तेलकट, दहा-बारा.
मला लहर आली, आपोआप लपण्याचं बटण दाबलं.
पट्टी सरकली कडेबाहेर,
गेली.
बाण नेला तिकडे की पुन्हा बाहेर.
वर्ग ओरडायला लागला.
"बाई, कुर्ले उलटे!"
मला कळायला वेळ लागला:
वाळूतले कुर्ले आपण जवळ गेलो की बिळात शिरतात,
ही जवळ गेल्यावर येते.

"आता मोज," म्हटलं मी तन्वेषला.
त्याने वाट बघितली, पट्टी हातात धरून,
पडद्याची रिकामी कड बघत.
"नाय ती हय."
"आहे. दिसत नाही एवढंच."
तो वळला खिडकीकडे.

खिडकीत सुरूची झाडं, मग पुळण, मग समुद्र,
ज्याच्याबद्दल मी त्यांना शिकवते
की किनारपट्टी सातशे वीस किलोमीटर,
आणि तिचं शून्य कुठे ठेवलंय
ते पुस्तकात नाही.
त्याने हात लांब केला, एक डोळा मिटला.
"पपांची होडी असा ती.
तीन पूर्णांक चार. तीन वजा.
चार मिलिमीटर."

म्हटलं, असं नाही मोजत बाळ,
पट्टी वस्तूला टेकायला लागते.

"मगे तेंका हय येवक सांगा."

वहीत तसंच लिहिलंय त्याने,
डस्टर पंधरा, पेन्सिल नऊ, होडी शून्य पूर्णांक चार.
लाल पेन घेऊन बसलेय कधीची.
डस्टरला बरोबर दिली, पेन्सिलला दिली.
पडद्यावर विचारतंय, पट्टी जागच्या जागी लॉक करायची का.
बाण तिकडे नेला नाही,
ती आत गेली आपली आपण.
होडीपुढची जागा अजून कोरी आहे.