पाणी यायच्या दिवशी

पहाटे साडेपाचला मुंबईची बस
मुकुंदवाडीच्या फाट्यावर मला सोडून गेली.
पाच चाळीसचं विमान, संध्याकाळी, चिकलठाण्याहून दिल्ली,
तिथून पुढे, जिथं दुसरं जहाज उभं आहे ते गाव.
त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
मध्ये बारा तास.

लोक म्हणतात, मजा आहे राव, जग बघतोस.
नऊ महिने मी पाण्याच्या रेघेच्या खाली होतो.
चादरी, टॉवेल, चादरी.
वरच्या मजल्यांवर लोक समुद्र बघायचे,
आणि त्यांनी अंगावरून पुसलेला समुद्र
खाली माझ्याकडे यायचा.
बंदराला लागलो की ज्या दुकानात वायफाय फुकट
त्या दुकानाची पायरी गाठायची, घरी फोन लावायचा.
अकरा देशांतल्या पायऱ्या सांगीन तुम्हाला.

"मग आज मी दाखवते," सुमेधा म्हणाली.
वय आठ. गेलो तेव्हा तिच्या पुढच्या दाताची जागा रिकामी होती,
आता तिथं मोठ्या माणसाकडून उसना आणल्यासारखा दात.
तिनं वहीच्या पानावर हिशोब मांडला:
मम्मीचे तीनशे, गल्ल्यातले चाळीस.
रिक्षा शेअरिंग. मकबरा बाहेरून.
"आत तिकीट लागतं, पप्पा.
घुमट काय, भिंतीवरून पण तेवढाच दिसतो."
खरंच तेवढाच दिसला.

दरवाजे फुकट.
"बावन्न आहेत म्हणे. आज तीन बघू,
बाकीचे तुम्ही आल्यावर."
भडकल दरवाजाखालून रिक्षा गेली
तेव्हा तिनं माझं डोकं हातानं खाली दाबलं,
जसं काही मीच जहाज होतो.

गुलमंडीवर एक इम्रती, दोघांत.
मोठा तुकडा कुणाचा, यावर आम्ही
पहिल्यांदा भांडलो. बरं वाटलं.

पाणचक्कीत ती पाठ केलेलं म्हणायला लागली,
बाईंच्या आवाजात, माझ्याकडे न बघता:
हे पाणी लांबच्या डोंगरातून येतं,
जमिनीखालून येतं, वाटेत कुणाला दिसत नाही,
इथं येऊन वर चढतं, मग चक्की फिरते.
हौदात मासे तोंडं उघडून उभे होते.
"खालून येताना त्या पाण्याला कळतं का गं,
वर गाव आहे म्हणून?"
तिनं विचार केला.
"ते बाईंनी नाही सांगितलं."

तेवढ्यात करुणाचा फोन.
नळाला पाणी आलंय. आज आठवा दिवस.
प्रेशर नाही, मोटर पण बंद पडलीय, या लवकर.
गाईडनं पान घडी करून खिशात घातलं.
"तिसरा दरवाजा राहू द्या. पूर्ण रिक्षा करा."
एकशे ऐंशी रुपये. सगळं बजेट गेलं,
पण चेहरा असा, की यापुढे
बघण्यासारखं जे काही आहे ते घरीच आहे.

ड्रम, टब, दोन घागरी, कुकर,
तिची शाळेची बाटली,
मग गच्चीवरची टाकी, बादली बादलीनं, तीन जिने.
नऊ महिने पाण्यात राहिलेला माणूस मी,
पाइप माझ्याच हातातून सुटला.
"सांडू नका," करुणा म्हणाली.
सकाळपासून माझ्याशी बोललेलं
तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य.
मग तिनं पाइपाच्या तोंडावर अंगठा कसा धरायचा ते दाखवलं
आणि तिचा अंगठा थोडा वेळ माझ्या अंगठ्यावर राहिला.

चार वाजता नळ खोकला आणि थांबला.
बॅग उघडलीच नव्हती, तशीच उचलली.
सुमेधानं हिशोब वाचून दाखवला:
शिल्लक वीस रुपये, पुढच्या वेळेला जमा.
"मी गच्चीतून हात करीन. खिडकी मागा."

खिडकी मिळाली.
विमान वळलं तेव्हा खाली नुसत्या टाक्या,
काळ्या, हजारो, उन्हात ठेवलेल्या.
त्यातली एक पाऊण भरलेली,
ती मी भरलेली.
कुठली, ते वरून ओळखू आलं नाही.
पॅन्टचा घोटा मात्र दिल्लीपर्यंत ओला होता.