हजेरी

मला धरून सहा माणसं, सहा पासपोर्ट,
आणि एक बॅग चाळीस गीतपुस्तकांची.
मंडळीनं मला पुढारी केलं ते एवढ्याचसाठी
की बावीस वर्षांत सहलीला नेलेलं
एकही पोर मी हरवलं नव्हतं.

मस्कतला बॅग उघडली गेली.
कस्टमचा कोवळा मुलगा म्हणाला, सलाम.
मीही म्हणाले, सलाम.
शेवगावात चर्चच्या पायरीवर
आजोबांपासून आम्ही हेच म्हणत आलो.
तो जरा थबकला.
पुस्तक त्यानं मागून उघडलं, त्याच्या लिपीच्या सवयीनं,
हे काय, म्हणाला.
गाणी, मी म्हणाले.
इतक्या तोकड्या उत्तराला
मी कधी अर्धाही मार्क दिला नसता.
त्यानं आमची डोकी मोजली,
माणशी एक, म्हणत सहा परत दिली,
चौतिसांची पावती दिली, अरबीत.
ती मी बायबलात ठेवली,
कुठल्या पानात, ते आता सापडत नाही.

रुवीत शुक्रवार हाच रविवार.
एकाच आवारात सगळ्यांच्या पाळ्या:
तागालोग सुटेपर्यंत आम्ही उन्हात,
मल्याळम येईपर्यंत पाऊण तास आमचा.
दारात सेफ्टी बुटांचा ढीग, सिमेंटनं पांढरा,
आत अडतीस माणसं, नुकतीच आंघोळ केलेली.
मी टाचणं काढली.
अब्राहाम, आपला देश सोडून निघालेला.
तीन मुद्दे, तिसऱ्याला दोन पोटमुद्दे.
पुढच्या रांगेतला शटरिंगवाला, योहान खरात,
हात वर करून म्हणाला,
"बाई, देश सोडल्याचं आम्हाला ठाऊक हाये.
शेवगावला नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, ते सांगा."

नवव्या, मी म्हणाले.
कुणी हसलं. आमच्या वेळी पाचव्या होतं, कुणी म्हणालं.
आणि पुढचं मला सुचेचना.
मास्तरणीला सुचत नाही तेव्हा ती जे करते
तेच केलं:
टाचणं उलटी करून कोऱ्या बाजूवर
नावं लिहून घेतली, गावासकट,
आणि हजेरी घेतली.

शीलवंत पंडागळे, जालना. हजर.
दावीद त्रिभुवन, वैजापूर. हजर.
इम्मानुएल अल्हाट, घोडेगाव. हजर, बाई.
चाळिशीतली माणसं ताठ उभी राहत होती,
एकानं तर शर्टाचं वरचं बटण लावलं.
सगळे झाले तेव्हा योहान म्हणाला,
अजून एक घ्या. शांतवन मकासरे, राहुरी.
मी पुकारलं.
एसीची घरघर.
मग मागून चारपाच आवाज, एकदम:
हजर.
त्याच्या खोलीतले होते ते.
कुठं आहे, मी विचारलं नाही.
त्याच्या नावापुढं कोणती खूण करायची
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गायला पुस्तकं पुरेनात.
योहाननं खिशातून ब्लेड काढलं
आणि एका पुस्तकाची शिवण उसवली.
पान फाडलं म्हणून किती पोरांना
मी बाकावर उभं केलंय.
दुसरं पुस्तक मीच पुढं केलं. मग तिसरं.
ज्याच्या हाती जे पान आलं ते त्याचं,
एकाकडं पाळण्याचं गीत, शेजाऱ्याकडं पुरण्याचं,
आणि सगळी एकाच वेळी सुरू झाली,
कुठली चाल कुणाची, कळेना,
बाहेर मल्याळी मंडळी घड्याळ दाखवत उभी,
रूथबाई डोळे पुसत, हसत,
नथानेल थंड पाण्याचे ग्लास वाटत फिरतोय.

परतताना बॅगेत सहा पुठ्ठे,
आत नुसता शिवणीचा दोरा.
मुंबईच्या कस्टमनं ती उघडलीही नाही.
सामानाच्या पट्ट्यापाशी मी डोकी मोजली.
सहा. परत मोजली.
रूथबाई म्हणाल्या, आहोत की सगळे.
मी मान हलवली
आणि तिसऱ्यांदा मोजायला लागले.