कर्ता ओळखा

दुसऱ्या रेल्वे गेटजवळचा हॉल.
एसी चालू आहे, रिमोट कुणाकडे आहे
ते कुणालाच माहीत नाही.
बावीस वरिष्ठ अधिकारी : निपाणी, अथणी, संकेश्वर, खानापूर,
गळ्यात ओळखपत्रं; नाव आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत,
मराठीतलं ज्याचं त्याच्या तोंडात.

मुख्य कचेरीनं दिलेल्या एकशे चौदा स्लाइड.
‘उत्तरदायित्व’ हा शब्द एकवीस वेळा.
नवव्या स्लाइडला मी मशीन बंद केलं
आणि फळ्यावर तपासणी अहवालातलं एक वाक्य लिहिलं :
सदर कर्ज मंजूर झाले.

म्हटलं, कर्ता ओळखा.
पाचवीत शिकलात तसं. धातूला ‘णारा’ लावा
आणि विचारा, कोण?

मगदूम साहेब हसले. तंबाखूच्या गोदामांवर
तीस वर्षं कर्जं दिलेला माणूस.
‘मॅडम, होणारं कर्जच की वं. झालं म्हणजे झालं.’
व्याकरणात बरोबर होतं त्यांचं. हीच तर पंचाईत.
मागून हिरेमठ म्हणाले, ‘आमच्यात आत्रि म्हणतात.
आत्रि म्हटलं की फाइल बंद.’
सगळा हॉल हसला, दोन्ही भाषांतून,
सकाळपासून पहिल्यांदा एकमतानं.

मग ते वाक्य हातोहात फिरलं.
कर्ज विभागाकडून समितीकडे,
समितीकडून संचालकांकडे, ते तर मागच्या निवडणुकीत पडले,
शेवटी कुणीतरी म्हणालं, सिस्टीमनं घेतलं.
सिस्टीम हॉलमध्ये नव्हती.

मी सांगणार नव्हते, पण सांगितलं.
खडेबाजार शाखा, अठ्ठ्याण्णव साल, मी काउंटरला.
सुळेभावीच्या एका विणकरणीची ठेव,
अर्जावर वारसाचा रकाना कोरा.
बाई गेल्यावर तपासनीसाला मी उत्तर लिहिलं,
माझ्या तेव्हाच्या सुंदर अक्षरात :
वारसाची नोंद राहून गेली.

तिची मुलगी, इराव्वा, अकरा महिने येत होती.
दर वेळी नवा दाखला, पिशवीत भाकरीचा डबा,
कपड्यांना मागाच्या खळीचा वास.
कधी आवाज चढवला नाही. एकदाच,
काचेपलीकडून, शिकून घ्यावं तसं विचारलं,
‘राहून गेली म्हंजे बाई, कुठं गेली?’

हॉलमध्ये एसीचा आवाज तेवढा.
मी कोरे कागद वाटले. एकच वाक्य लिहा,
सुरुवात ‘मी’नं.

किती तरी पेनं एकदम संपली.
हिरेमठांनी विचारलं, कन्नडमध्ये चालेल का,
‘नानु’ लिहायला जरा सोपं जाईल म्हणाले,
मग बराच वेळ नुसतं ‘नानु’ वरच बसून राहिले.
मगदूम साहेबांनी लिहिलं, खोडलं, चष्मा पुसला,
पुन्हा लिहिलं, कागदाच्या चार घड्या केल्या
आणि पेटीत न टाकता खिशात ठेवला.
जेवणानंतर कुंद्याची वाटी तशीच हातात,
जवळ येऊन हळूच म्हणाले,
‘घरी लिहिलेलं चालतंय न्हवं?
आणि तारीख, आजची घालायची की तेव्हाची?’

मला उत्तर आलं नाही.
स्लाइडमध्ये ते कुठंच नव्हतं.

संध्याकाळी रिक्षा थांबली. ‘गेट पडलंय,’ रिक्षावाला म्हणाला.
मांडीवर मुख्य कचेरीचा फॉर्म,
पहिल्या ओळीत छापूनच आलेलं :
प्रशिक्षण यशस्वीरीत्या पार पडले.
खाली माझ्या सहीपुरती जागा.

मालगाडी लांबलचक, डबे मोजून कंटाळले.
पलीकडे केबिनच्या पिवळ्या उजेडात
एक माणूस उभ्यानंच वहीत काहीतरी लिहीत होता :
वेळ असावी, गाडीचा नंबर असावा,
आणि शेवटच्या रकान्यात, पान जरा तिरकं करून,
स्वतःचं नाव.