इथपर्यंत

रामबागेत, चष्म्याच्या दुकानावर, एका खोलीत
माझं टेबल, एक स्टूल, शेकायची पिशवी
आणि खिडकीशेजारची ती भिंत
जिच्यावर मी कधी कॅलेंडर लावलं नाही.

तिथे माणसं उभी राहतात, तोंड भिंतीकडे,
बोटं कोळ्याच्या पायांसारखी चुन्यावरून वर चढवतात,
आणि खांदा जिथे ‘बस’ म्हणतो
तिथे मी पेन्सिलने रेघ ओढते.
शेजारी नाव, तारीख.

बद्रीलाल, सराफ्यात रात्री दोनपर्यंत जलेबी सोडतो.
बत्तीस वर्षं हात गोल फिरला,
वर जायचं असतं हे विसरूनच गेला.
पहिली रेघ छातीशी, राखीला गळ्याशी.
परवा त्याने आपल्या हाताने भांग पाडला
आणि फणी दाखवायला घेऊन आला.

तस्लीम आपांचे महागडे चुडे वरच्या फळीवर,
म्हणून सहा महिने त्यांनी
फक्त स्वस्तातले विकले.

आंबर्डेकर सरांच्या तीन रेघा एकाच जागी,
इतक्या जवळ की एकच जाड रेघ वाटावी.
चौथ्या वेळी ते आले नाहीत.
मी फोन करायला हवा होता.

लोक म्हणतात, मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे.
गुण कसला, अंगठा आहे.
खांद्याच्या पात्याखाली बोटं सरकवायची
आणि थांबायचं.
स्नायू आधी मूठ आवळतो,
परक्या घरात लहान मूल आवळतं तशी.
मग त्याला कळतं, ही बाई घाईत नाही.
उखळीतलं हाड सरकतं, केसभर.
केसभरच,
पण तेवढ्यात माणूस श्वास सोडतो
आणि काहीही बोलून जातो:
जावयाचं, प्लॉटच्या रजिस्ट्रीचं.
एकाने तर नुसतं एक नाव घेतलं
आणि उशीत तोंड घातलं.
मी विचारलं नाही. कोपर धरून राहिले.

माझा स्वतःचा अंगठा रात्री ठणकतो.
कोमट पाण्यात बुडवते,
कोणाला सांगत नाही.

दिवाळीच्या तोंडावर पोतनीस काका वर आले.
‘भिंत फार मळलीय, यंदा रंग काढू.’
म्हटलं, एवढी एक सोडा.
‘ताई, रेघोट्यांवर कुठे दिवाळी होते?’
घर त्यांचं.
मी मोबाइलवर फोटो काढले,
फ्लॅश पडला तिथली नावं उडाली.

रविवारी गेंदालाल आला, बादली, ब्रश, फडकं घेऊन.
रंगारी वरून सुरुवात करतात.
गेंदालालने खालून केली.
गुडघा, कंबर,
छातीपाशी ब्रश उजव्या हातातून डाव्यात गेला,
थोडा वेळ वेडावाकडा चालला
आणि बद्रीलालच्या पहिल्या रेघेखाली
दोन बोटांवर थांबला.
‘ऊपर का भतीजा कर देगा,’ तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

मी हात धुतले.
टेबलावर बसवलं, शिंतोड्यांच्या शर्टासकट.
पात्याखाली बोटं घातली. लाकूड.
‘कब से?’
‘पिछली दिवाली से.’
म्हणजे वर्षभर हा माणूस
इंदूरची घरं अर्धी अर्धी रंगवतोय,
वरचं आभाळ पुतण्याला देऊन.

पुतण्या चार वाजता आला, कानात गाणी घालून.
बद्रीलाल गेला, आपा गेल्या,
उरलेली सगळी एका हातात पांढरी झाली.
फक्त सरांची ती जाड रेघ
दुसऱ्या हातानंतरही
जरा डोकावत होती.
पुतण्या म्हणाला, तिसरा मारू?
म्हटलं, राहू दे.

संध्याकाळी गेंदालालला भिंतीसमोर उभं केलं.
बोटं टेकवणार, तोच तो ओरडला,
‘अरे मैडम, गीला है अभी!’
खरंच की.
मी पंखा पाचवर केला,
पेन्सिलीला टोक काढलं.
खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर पडलं.
तो स्टुलावर, मी टेबलाच्या कडेला,
आम्ही दोघं भिंत वाळायची वाट बघत,
तो उजवा खांदा चोळत,
आणि मी, त्याच्या लक्षात येणार नाही असा,
अंगठा.