खिशातल्या मुंग्या

उद्यमनगरात आमच्या शेडला पत्र्याचं दार आहे,
दारासमोर रस्ता, रस्त्यापलीकडं इलाहीची टपरी,
टपरीच्या खांबाला काथ्याची दोरी
सकाळी आठपासून धुमसत असलेली.
मी लेथवर उभा राहिलो की
दोरीचं लाल टोक बरोबर डोळ्यासमोर.

मालक म्हणाले, बाळगोंडा, तोंड फिरवून उभा रहा की.
मालक, लेथवर तोंड फिरवून उभं राहता येत नाही.
आणि मशीन हलवायचं तर फाउंडेशन फोडावं लागेल.

सीपीआरमध्ये चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं,
तलफ तीन-चार मिनिटं टिकते,
तेवढा वेळ काढायचा, दुसरं काही नाही.
मी मनात हिशेब केला :
चार मिनिटं म्हणजे फूटभर शाफ्टवर एक कट.
मग तलफ आली की ऑटो फीड लावायचो
आणि निळी चीप वळत वळत पडताना बघत राहायचो.
चीपमधनंही धूर निघतो थोडा.
तो मी मोजला नाही.

पत्र्यावर खडूनं रेघा मारल्या.
पहिल्या दिवशी सव्वीस.
सहाव्या दिवशी एकोणीस, त्यातल्या चार एकट्या जेवणानंतरच्या.
पोरं म्हणाली, काका, धोब्याचा हिशेब हाय काय?

चहा आधी सोडावा लागला.
चहा म्हणजे तिचा सख्खा भाऊ,
तो आला की ती मागनं येणारच.
संध्याकाळी सुटल्यावर गंगावेशीत जायला लागलो,
म्हशीच्या कासेखालनं थेट ग्लासात,
फेस मिशीला, हात दोन्ही ग्लासाला.
म्हशीसमोर उभं राहून सिगारेट ओढणारा माणूस
मी अजून तरी बघितला नाही.

इलाहीला सांगितलं तर त्यानं वही काढली.
दोनशे चाळीस बाकी. दिली.
म्हणाला, पान फाडू?
मी म्हणालो, राहू दे.
का म्हणालो, माहीत नाही.

सतराव्या दिवशी तवनाप्पाला पोचवायला गेलो.
मोटरसायकलवरनं गेला तो, धुरानं नव्हे,
सिगारेटला तर शिवलाही नव्हता कधी.
पंचगंगेच्या घाटावर कुणीतरी पाकीट पुढं केलं,
कुणालाच काही बोलायचं नव्हतं
म्हणून दिलेल्या शब्दासारखं.
मी तो शब्द घेतला.
शेवटच्या बोटभरापर्यंत ओढला.
घरी गेलो, दोन वेळा दात घासले,
जयमालाला वास आलाच.
ती काही बोलली नाही, भाकरी जरा जोरात थापली.

सकाळी पत्र्यासमोर फडकं घेऊन उभा राहिलो,
सगळ्या रेघा पुसायच्या म्हणून.
हातात मायक्रोमीटर होता, हाताच्या सवयीनं.
आमच्या धंद्यात एक आहे :
माप वर राहिलं तर अजून कट घेता येतो,
खाली गेलं की भंगार.
मी अजून मापाच्या वरच होतो.
फडक्यानं मशीन पुसलं.
सतरा तसेच ठेवले, शेजारी अठरा लिहिला.

बोटांचं मात्र काही सुचत नव्हतं.
दोन बोटांत काहीतरी पाहिजे,
खिशात काहीतरी सापडलं पाहिजे.
लवंग झाली, बडीशेप झाली,
शेवटी गुऱ्हाळावरनं आणलेल्या ढेपेतला गूळ
फोडून, कागदात बांधून, डाव्या खिशात,
जिथं पाकीट असायचं तिथंच.

काल जयमालानं शर्ट धुवायच्या दगडावर झटकला.
पूर्वी खिशाला भोकं पडायची तुमच्या, म्हणाली,
आता वारूळ झालंय.
हसली का, ते पाठमोरी होती म्हणून दिसलं नाही.

आज दुपारी दोन वाजता
समोर दोरीचं टोक लाल झालं,
कुणीतरी वाकून पेटवून घेतली.
माझा हात आपोआप खिशात गेला
आणि बोटावर एक मुंगी चढून आली.
दोन बोटांच्या मधल्या पिवळ्या डागावर थांबली,
तिथं काहीतरी हुंगलं,
मग मनगटाकडं चालू लागली.
मी बघत राहिलो.
किती वेळ गेला, सांगता येणार नाही,
मशीन बंदच होतं.