दोन पोटं

दिवाळ्याच्या धक्क्यावर आज पाटीत
हातभर मुशी,
आणि जाळ्याच्या गाठीला शेपूट गुंडाळून
बोटाएवढा घोडा.

मुशी म्हणजे खरखर.
शेपटीकडून डोक्याकडे हात नेला तर तळवा सोलतो.
गरम पाणी ओतून आधी ती वाळू काढायची,
मग पोट.
पोटात कधी पिल्लं निघतात,
एकेकाला नाळ.
मासळीला नाळ असते हे मला शाळेनं नाही,
चांगुणामावशीच्या कोयत्यानं शिकवलं.
ती ते दोरे खाडीत सोडते. बघत नाही.

मुशी जाते बाळंतिणीच्या घरी.
लसूण जास्त, चिंच बेतानं.
दूध उतरतं म्हणतात.
मी जन्मले तेव्हाही आली होती, अर्धा किलो.
आईला खायला वेळ मिळाला नाही.

घोड्याला कालवण नाही.
अंगावर मांस कुठलं, नुसत्या कड्या.
पूर्वी वाळवून नगावर जायचा,
एक माणूस यायचा पनवेलहून.
कायदा आला तसा येत नाही,
किंवा येतो, काळोखात.
पोहणंही धड नाही, उभ्यानंच.
ओढ लागली की गवताला वळसा घालून
थांबायचं.

मुशी थांबत नाही.
थांबली की गुदमरते, असं बाबा सांगतात.

पण घोड्यात पिशवी नराला.
मादी अंडी सोपवून जाते,
फुगतो हा, कळाही यालाच.
नववीत असताना पुस्तक उघडून दाखवलं होतं बाबांना.
ते जाळं शिवत होते.
चित्राकडे बघितलं, सुतळी दातानं तोडली,
म्हणाले, "मंग त्यान काय?"

आज त्याचं पोट टम्म आहे.
गिऱ्हाईक ओरडतंय, बर्फ पाघळतोय,
पलीकडे उलव्याकडून एक विमान चढतंय,
आणि बाबा नखानं, एकेक पीळ,
गाठीवरनं शेपूट सोडवतायत.
ती सुटली आणि त्यांच्याच करंगळीला बसली.
बाबा धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर वाकले,
मनगटापर्यंत हात पाण्यात,
आणि हलवला नाही.
बराच वेळ.

मी बर्फाच्या पेटीवर बसून आहे.
आठवा लागलाय, उभं राहवत नाही.
मावशीनं न विचारता
अर्धा किलो बाजूला काढली.
"आजून टाईम हाय," बाबा पाण्याकडे बघूनच म्हणतात,
आणि मग, जरा थांबून,
"ठेव. आतापासनंच देतो रांधून."

लसूण ते नेहमीच जास्त घालतात.